आंतरराष्ट्रीय वाररेषा : प्रवासनियोजनातील एका दिवसाचा हिशेब

पॅसिफिक महासागरातून साधारणपणे १८० अंश रेखावृत्ताला अनुसरून जाणारी आणि जिच्या दोन्ही बाजूंना वार व तारीख भिन्न असतात, अशी काल्पनिक रेषा म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा. भूगोलाच्या पुस्तकात ती एका परिच्छेदात आटोपते. सहलीचे नियोजन करणाऱ्याला मात्र तिचा विसर पडल्यास प्रवासी हॉटेलच्या दारात उभा आणि खोलीचे आरक्षण दुसऱ्याच तारखेचे, अशी स्थिती उद्भवते.

पृथ्वीला एका अंशातून फिरण्यास ४ मिनिटे, तर १५ अंशांतून फिरण्यास एक तास लागतो. वॉशिंग्टन येथील १८८४ च्या परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारण्यात आले. तेथून पूर्वेकडे वेळ पुढे आणि पश्चिमेकडे मागे मोजली जाते. या दोन्ही मोजण्या १८० अंशांवर एकत्र येतात, तेव्हा त्यांत पूर्ण २४ तासांचे अंतर पडलेले असते. हा फरक युरोपीय दर्यावर्दींना फार पूर्वीच जाणवला होता. मॅगेलनच्या मोहिमेतील उरलेले खलाशी १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतताना केप व्हर्दे बेटांवर थांबले. त्यांच्या नोंदीनुसार तो बुधवार होता, बेटांवर मात्र गुरुवार होता.

ही रेषा कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने निश्चित केलेली नाही. आपली तारीख कोणती, हे त्या त्या देशाने ठरवायचे असते; म्हणूनच नकाशावर ती वाकडीतिकडी दिसते. किरिबातीचे पूर्वेकडील द्वीपसमूह १९९५ च्या प्रारंभी रेषेच्या पश्चिमेस घेण्यात आले आणि संपूर्ण देशात एकच तारीख झाली. सामोआचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेशी व्यापार सुकर व्हावा म्हणून १८९२ मध्ये तेथे ४ जुलै हा दिवस दोनदा पाळण्यात आला. पुढे व्यवहार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी वाढले, तेव्हा २०११ मध्ये ३० डिसेंबर, शुक्रवार, हा दिवसच वगळण्यात आला. शेजारचे अमेरिकन सामोआ जुन्याच तारखेवर राहिले. परिणामी, आपिया येथून निघालेले विमान तासाभराच्या आत पागो पागोला उतरते, ते आदल्या दिवशी.

नियम सोपा आहे. आशियाकडून अमेरिकेकडे रेषा ओलांडताना एक दिवस मागे यावे, उलट दिशेने जाताना एक दिवस पुढे जावे. टोकियो ग्रीनिचपेक्षा ९ तास पुढे, तर होनोलुलू १० तास मागे आहे. टोकियोहून १० तारखेला रात्री ९ वाजता निघालेले विमान सात तासांनी पोहोचले, तर होनोलुलूत १० तारखेचेच सकाळचे ९ वाजलेले असतील. निवास १० तारखेपासूनच लागेल, ११ पासून नव्हे. शिवाय खोल्या बहुधा दुपारनंतर मिळत असल्याने सकाळचे काही तास कसे घालवायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

विमानाच्या तिकिटावरील वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यामुळे केवळ त्यांची वजाबाकी करून उड्डाणाचा कालावधी काढता येत नाही. दोन्ही वेळा आधी ग्रीनिच वेळेत आणाव्या लागतात. अनेक देश उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, भारत करत नाही. म्हणून लंडन व मुंबई यांच्यातील फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तासांचा असतो.