कापलेल्या जाळ्याची किंमत

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही पूर्णेवरच्या सिद्धेश्वर जलाशयात उतरणारा भोई आणि रत्नागिरीच्या बंदरातून निघणारा मच्छीमार यांचे भांडवल सारखेच: जाळे. मासेमारीविषयक कायद्यांचा इतिहास या जाळ्याच्या बाजूने वाचला, तर असे दिसते की सरकारचे लक्ष माशाकडे फार लवकर गेले; जाळ्याच्या किमतीकडे जायला शतक उलटावे लागले.

१८९७चा भारतीय मत्स्य कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. निजामी राज्यातली हिंगोली त्याच्या कक्षेबाहेर होती. पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे या कायद्याने गुन्हा ठरवले. जाळ्यांचे प्रकार आणि आसाचा आकार यांवर नियम करण्याचा अधिकारही त्याने प्रांतिक सरकारांना दिला.

पुढे यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष वाढला. त्यातून महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आला. कोणत्या नौकेने, कोणत्या जाळ्याने, कुठे आणि केव्हा मासेमारी करावी, हे ठरवणे आता शासनाच्या हाती आले. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची कोळ्यांची रीत जुनीच. आज १ जून ते ३१ जुलै ही बंदी सरकारी आदेशाने असते.

दुसरा धागा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२चा. २००१ साली व्हेल शार्कला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. अशा प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण जाळे काही निवड करत नाही. संरक्षित प्राणी अडकला की जाळे कापावे लागते आणि तोटा मच्छीमाराच्या माथी येतो. गुजरातेत २००४ पासून मोरारीबापूंच्या सहभागाने व्हेल शार्क वाचवण्याची मोहीम चालली. पुढे तिथे कापलेल्या जाळ्याची भरपाईही सुरू झाली. महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी डिसेंबर २०१८ मध्ये अशीच योजना आणली: प्राणी सोडल्याचे छायाचित्र द्यावे, पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. कैदेच्या धाकाने जे साधत नव्हते, त्यासाठी सरकारने प्रथमच मच्छीमाराचा हात धरला.

ही योजना मात्र सागरी प्रजातींसाठी आहे. गोड्या पाण्यातल्या मऊ पाठीच्या कासवांनाही कायद्याचे संरक्षण आहे. उद्या सिद्धेश्वरच्या पाण्यात असे कासव अडकले, तर ते सोडण्याचे बंधन भोयावर तेवढेच. कापलेले जाळे मात्र त्याने स्वतःच्या पैशाने विणून घ्यायचे.