स्तंभ आणि तणावे

धर्मग्रामाच्या महोत्सवाचा समय हा वर पाहण्याचा समय होय. घंटाघरावर नवी रंगकामे होतात, दीपमाळा चढतात आणि पूर्वजांनी हे शिखर कसे उभारिले याच्या कथा आपण मुलाबाळांस सांगतो. या स्मरणिकेत त्या कथा इतर लेखकांनी सांगितल्याच आहेत. आम्ही येथे दुसऱ्या एका प्रकारच्या स्तंभांचा इतिहास थोडक्यात मांडीत आहो. हे स्तंभ बिनतारी संदेशांचे होत. त्यांच्या इतिहासात आपल्या धर्मगुरूंचाही वाटा आहे, आणि महोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही मंडळीने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यात आहे.

बिनतारी संदेश वाहून नेणाऱ्या लहरी तारेतून आकाशात सोडाव्या लागतात. त्या तारेस एरियल म्हणतात. एरियल जितके उंच व मोकळे, तितका संदेश सामान्यतः दूर पोहोचतो. म्हणून आरंभापासूनच संशोधकांची धाव उंचीकडे होती. उंच स्तंभ मात्र केवळ आपल्या बळावर क्वचितच उभा राहतो. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस हे सांगावयास नको. डोलकाठी उभी असते ती तिला चहूकडून धरणाऱ्या दोरांमुळे. बिनतारी स्तंभास असे धरून ठेवणाऱ्या पोलादी दोरांस आम्ही येथे तणावे म्हणू.

१९०१ साली मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठविण्याचा संकल्प केला. त्यासाठी इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतात, पोल्ढू येथे, दोनशे फूट उंचीच्या वीस डोलकाठ्या वर्तुळात उभारिल्या. त्यांचे माथे एकमेकांस दोरांनी जोडलेले होते. प्रत्येकीस सर्व बाजूंनी स्वतंत्र तणावे नव्हते, शेजारणीचाच आधार होता. त्यांचे अभियंते विव्हियन यांस ही रचना धोक्याची वाटली होती. परंतु त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळ आले आणि सारे वर्तुळ कोसळले. अमेरिकेच्या केप कॉड येथील तशाच वर्तुळाची नोव्हेंबरात तीच गत झाली. मार्कोनींनी पोल्ढू येथे तात्पुरते साधे एरियल उभे केले, न्यू फाउंडलंडात पतंगाने तार उंच चढविली, आणि १२ डिसेंबर रोजी पलीकडून आलेले तीन टिंबांचे अक्षर ऐकल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी पोल्ढू येथे वीस डोलकाठ्यांच्या जागी चार भक्कम लाकडी मनोरे आले.

याच काळात अमेरिकेतील विल्क्स-बॅरी या कोळशाच्या खाणींच्या नगरात एक धर्मगुरू याच विषयात मग्न होते. फादर योझेफ मुरगाश यांचा जन्म १८६४ साली स्लोव्हाकियातील तायोव गावी झाला. ते चित्रकारही होते. १८९६ साली ते अमेरिकेस गेले व तेथील स्लोव्हाक श्रमिकांच्या, येशूच्या पवित्र हृदयास वाहिलेल्या धर्मग्रामाचा भार त्यांनी स्वीकारिला. टिंब आणि रेघ यांसाठी वेळेचे लहानमोठे अंतर न ठेवता दोन भिन्न स्वर योजावे, म्हणजे संदेश वेगाने जाईल, ही त्यांची कल्पना. १९०४ साली तीस पेटंट मिळाले. १९०५ साली विल्क्स-बॅरी आणि स्क्रॅन्टन या दोन नगरांमध्ये त्यांच्या यंत्राची जाहीर परीक्षा झाली व ती यशस्वी ठरली. परंतु लवकरच वादळाने एरियलच्या डोलकाठ्या पाडल्या, आणि त्यांच्या शोधावर उभी राहिलेली मंडळी मोडली. फादर मुरगाश आणखी शोध करीत राहिले. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा खाजगी बिनतारी केंद्रे बंद झाली व ते कामही थांबले. वेदीवरील सेवा मात्र थांबली नाही. ११ मे १९२९ रोजी ते त्याच नगरात देवाघरी गेले.

पुढे स्तंभविद्या पक्व झाली. १९२७ साली आपल्या पुण्याजवळ खडकी व दौंड येथे उंच स्तंभ उभे राहून इंग्लंडाशी बिनतारी दळणवळण सुरू झाले. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, मार्कोनींनीच उभारिलेल्या व्हॅटिकनच्या केंद्रावरून पोप अकरावे पायस यांनी साऱ्या जगास संबोधिले. हौशी बिनतारीवाल्यांतही धर्मगुरू झाले. पाटणा मिशनचे येशूसंघीय फादर मार्शल मोरान यांनी १९५१ साली नेपाळात गोदावरी येथे शाळा काढिली, आणि डोंगरांच्या त्या देशातून त्यांची हाक दीर्घकाळ जगभर ऐकू जात असे.

हौशी लोकांचा हा छंद संकटसमयी किती उपयोगी पडतो, ते २००१ सालच्या गुजरातेतील भूकंपात आणि २००४ सालच्या त्सुनामीनंतर अंदमानात दिसून आले. दूरध्वनी मुके झाले असता यांच्या एरियलांनी माणसांचे निरोप पोहोचविले.

या लोकांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. तणावे तीन दिशांस, सारख्या अंतराने, आणि दोनतीन उंचींवर बांधावेत. ते सैल असल्यास स्तंभ डोलतो. अति ताणल्यास दाबाने वाकतो. तणाव्यांच्या मध्ये चिनी मातीचे अंडाकृती गोटे असे गुंफावेत की गोटा फुटला तरी दोर सुटू नये. विजेसाठी जाड तारेने जमिनीशी जोड द्यावा. विजेच्या तारांपासून इतके दूर राहावे की स्तंभ पडलाच तर त्यांवर पडू नये. चढणाऱ्याने कमरपट्टा क्षणभरही सोडू नये. आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तणाव्यांचे खुंट तपासावेत. कारण लोखंड मातीत शिरते तेथे, डोळ्यांआड, गंज चढतो, आणि वरून सर्व ठाकठीक दिसते.

उभारणीच्या दिवशी लोक जमतात, फलक लागतो, छायाचित्र निघते. खुंटाची माती उकरून पाहणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आपल्या धर्मग्रामातही कौले चाळणारे, गळती बुजविणारे, आजाऱ्यांस भेटणारे, मुलांस धर्मशिक्षण देणारे असे पुष्कळ जण होऊन गेले, ज्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. महोत्सवाच्या वर्गणीतून नवे काही उभे करण्यापूर्वी जुन्याच्या देखभालीसाठी एक कायमचा भाग बाजूस ठेवावा, आणि त्या अनामिक सेवकांकरिता या वर्षी एक मिस्सा अर्पावी, अशी आमची धर्मबांधवांस विनंती आहे.