जिनिंगमधला मृत्यू आणि वारसांचा हक्क : वऱ्हाडच्या निमित्ताने

१/ १८६० च्या दशकात मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडात पोहोचला. अकोला आणि अमरावती ही कापसाची मोठी केंद्रे झाली, वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंग कारखाने उभे राहिले. अशा यंत्रांत सापडून मजूर दगावला, तर त्याच्या कुटुंबाने दाद कोठे मागावी?

२/ इंग्लिश न्यायतत्त्व कठोर होते. ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ (१८०८) या खटल्यानुसार मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागताच येत नसे. जखमी जगला तर त्याला दावा करता येई. तो मेला की कुटुंबाचे हात रिकामे.

३/ इंग्लंडने १८४६ मध्ये हा नियम बदलला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा आला. पती, पत्नी, आईवडील, आजीआजोबा, मुले व नातवंडे यांच्यासाठी दावा करता येऊ लागला. भावाबहिणींना मात्र त्यात स्थान नव्हते. शिवाय प्रतिवादीचा दोष कुटुंबानेच सिद्ध करायचा होता.

४/ वऱ्हाडची आणखी एक अडचण होती. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे आला, तरी सार्वभौमत्व निजामाचे राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी स्वतंत्र आदेश लागत.

५/ १८८१ चा कारखाना कायदा किमान १०० कामगारांच्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. थोडाच काळ चालणारे हंगामी जिनिंग अशा व्याख्येतून निसटे. हंगामी कारखान्यांची दखल १९११ च्या कायद्याने घेतली.

६/ खरी कलाटणी १ जुलै १९२४ रोजी अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मिळाली. अपघात कामामुळे व काम चालू असताना घडला, एवढे पुरे. मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज उरली नाही. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन, कमाल २,५०० रुपये. महिना १५ रुपये मिळवणाऱ्याच्या जिवाची भरपाई ४५० रुपये. ही रक्कम आयुक्तांकडे जमा होई आणि तेथून अवलंबितांत वाटली जाई. अज्ञान भाऊ व अविवाहित बहीणही आता त्यांत आली.

७/ मात्र दोन्ही वाटा एकदम चालता येत नसत. दिवाणी दावा की आयुक्तांकडील भरपाई, हे कुटुंबाने निवडायचे होते. पहिल्या वाटेवर रक्कम मोठी मिळण्याची शक्यता, पण पुराव्याचे ओझे. दुसरीवर रक्कम मर्यादित, पण हक्क निश्चित.

८/ आणि शेतात कापूस वेचणारी बाई? १९२३ च्या मूळ कायद्याच्या यादीत शेतमजुरी नव्हती. कापूस तोच, पण कायद्याचे संरक्षण कारखान्याच्या फाटकाआत सुरू होई, बांधावर नव्हे.