शत्रूचा नगारा, व्हिएन्नाचा पियानो

मोझार्टची 'आल्ला तुर्का' ही जेमतेम साडेतीन मिनिटांची पियानोरचना नावाने माहीत नसली, तरी कानांवरून गेलेली असतेच. शीर्षकाचा अर्थ 'तुर्की ढंगाने'. व्हिएन्नाच्या दिवाणखान्यात हा तुर्की ढंग आला कुठून? (थ्रेड)

त्यासाठी १६८३ सालात जावे लागते. त्या वर्षी जुलैपासून दोन महिने वजीर कारा मुस्तफा पाशाच्या उस्मानी फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला होता. १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा सोबिएस्की व त्याच्या मित्रसेनांनी तो मोडला. शहर वाचले, पण तटापलीकडच्या रणवाद्यांची दहशत स्मृतीत राहिली.

उस्मानी लष्करी वाद्यवृंदाला 'मेहतेर' म्हणत. त्यात सनईच्या कुळातले झुर्ना, मोठ्या झांजा, तुताऱ्या, 'नक्कारे' (आपला 'नगारा' त्याच अरबी शब्दातून आला) आणि 'दावुल' हा ढोल असे. दावुलच्या एका तोंडावर जाड दांडका पडे, दुसऱ्यावर बारीक काठी. म्हणजे एक घनगंभीर ठोका आणि त्यालगत तडतड. हा नाद ध्यानात ठेवावा.

१६९९ च्या कार्लोविट्झ तहानंतर उस्मानी सत्तेचा धाक ओसरत गेला आणि भीतीची जागा कुतूहलाने घेतली. युरोपीय पलटणींनी मोठा ढोल, झांजा, त्रिकोण ही वाद्ये उचलली. १७८२ च्या जुलैत व्हिएन्नात रंगमंचावर आलेल्या मोझार्टच्या ऑपेराचे कथानकच मुळी एका पाशाच्या जनानखान्यातले आहे. 'आल्ला तुर्का' त्यानंतरची. ज्या सोनाटाचा ती अंतिम भाग आहे, तो १७८४ मध्ये व्हिएन्नाच्या आर्तारिया प्रकाशनाने छापला. कागदाच्या अभ्यासावरून तो १७८३ च्या सुमारास लिहिला गेला असावा, असे मानतात. वेढ्याला तेव्हा नेमकी शंभर वर्षे होत होती. हा योगायोगही असेल.

आता रचनेकडे. आरंभ ए मायनरमध्ये, हलक्या आवाजात. चार जलद स्वरांची एक गिरकी, क्षणभर थांबा, मग तीच गिरकी वरच्या पायरीवरून. जणू पलटण अजून दूर आहे. मग एकाएकी ए मेजर उजळतो. उजवा हात सप्तकांच्या जोड्यांनी कूच वाजवतो आणि डाव्या हातात ठोक्याला चिकटून झर्रकन निघणारे कणस्वर येतात. दावुलची तडतड ती हीच. पियानोला ना कातडे, ना काठी. तरी ढोल ऐकू येतो. त्यानंतर एफ शार्प मायनरमध्ये अखंड धावणारा, पाण्यासारखा भाग. पुन्हा कूच, पुन्हा आरंभीची गिरकी, आणि तिसऱ्यांदा कूच, या वेळी सप्तके फोडून, एकेक स्वर सुटा करून. शेवटी गजर करणारी सांगता.

हिला 'रोंडो' म्हणतात, पण नेहमीच्या रोंडोत पहिली धून वारंवार परतते. इथे ती दोनदाच येते. तीनदा येते ती कूच. वाद्यवृंदच ध्रुवपद होऊन बसला आहे. रचनेतील खरी गंमत या उलटापालटीत आहे.

हे संगीत तुर्की आहे का? नाही. तुर्की मकामांची सूक्ष्म स्वरस्थाने पियानोच्या पट्ट्यांवर मुळात नाहीतच. व्हिएन्नाच्या कानांनी जे टिपले, त्याचे हे चित्र आहे: ठोका, झणत्कार, लख्ख उजेड. अनोळखी शेजारी असाच आधी नादातून कळतो, आणि अर्धवट कळतो.

ही खेळकरता युद्धाच्या आड मात्र आली नाही. १७८८ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने उस्मानी साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्याच मोझार्टने एक युद्धगीत रचले. पुढे व्हिएन्नाच्या काही पियानोंना खास पायपट्टी बसवली जाऊ लागली. ती दाबली की आतून ढोल आणि घंटा वाजत.

इकडे इस्तंबूलमध्ये १८२६ साली सुलतान दुसऱ्या महमूदने जानिसरी पलटणी मोडून काढल्या. मेहतेरही त्यांच्याबरोबर गेला. दोनच वर्षांनी नवा, युरोपीय धाटणीचा शाही बँड उभारण्यासाठी इटलीहून एक संगीतकार बोलावण्यात आला: जुझेप्पे दोनिझेत्ती, प्रसिद्ध ऑपेराकार गाएतानो दोनिझेत्तीचा थोरला भाऊ.