फिरंग

फिरंग : युरोपीय पाते आणि एतद्देशीय मूठ असलेली लांब, सरळ मराठा तलवार. तिची पाती बव्हंशी पोर्तुगीज व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर येत. लांब पल्ल्यामुळे ती घोडेस्वारांच्या विशेष सोयीची होती. मुठीच्या टोकाला असलेल्या दांड्यामुळे दोन्ही हातांनी वार करता येई.

सजावटीचा देखणा नमुना म्हणजे नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार. तिच्या मुठीवर सोन्याचे कोफ्तगरी काम असून पात्याच्या पाठीवर सोन्याने उतरवलेला देवनागरी लेख आहे. परदेशी पात्यावर धन्याचे नाव व सेनासाहेबसुभा हे पद असे मिरवणे, ही या कलेची खरी शान होय. महाराष्ट्र शासनाने ही तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली.