संगणकाची ओळख आणि मराठी अक्षरजुळणी

भारतीय प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक-प्रणालीस साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. परंतु एका परवान्यावर किती संगणक चालतात, हे केवळ कायद्याने कळत नव्हते. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या प्रणालींसोबत संगणकास जोडावयाचे ‘डोंगल’ दिले जाई. ते जोडलेला संगणक तोच अधिकृत. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने प्रोसेसर, हार्ड डिस्क आदी भागांवरून संगणक ओळखून डोंगलविना तीच मर्यादा घातली. डोंगलने निर्मात्याचे हित राखले. तथापि अशा प्रणालींच्या स्वतंत्र संकेतनातील मजकूर अन्यत्र सहज वाचता येत नसे; डोंगल बिघडल्यास लेखकाचे लेखनच अडकण्याचा धोका होता. युनिकोडच्या प्रसाराने तो ओसरला. परवाना प्रणालीचा असतो, लेखनाचा नव्हे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.