तबकडीवरचे ओरखडे

लंडनला आल्यापासून मला जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत चकरा मारायचा नाद लागलाय. त्यातही रेगेचा कप्पा. (रेगे म्हणजे जमैकाचं संगीत. बॉब मार्ले आपल्याकडे निदान टी-शर्टमुळे तरी ठाऊक असतोच.) जॅझच्या कप्प्यात चकचकीत तबकड्या असतात. इथे मात्र ओरखडलेल्या, कव्हर नसलेल्या, कधी लेबलवर अक्षरही नसलेल्या. आणि किंमत विचारली तर घेरी यावी!

याचं मूळ १९५० च्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये आहे. गरीब वस्त्यांत घरोघरी ग्रामोफोन कुठून असणार? लोक गाणी ऐकायचे ती 'साउंड सिस्टिम'वर. कपाटाएवढे स्पीकर मोकळ्या आवारात मांडायचे, तिकीट लावायचं आणि रात्रभर नाच. (गणपतीचा मांडव आठवला ना? तसंच, फक्त वर्गणीऐवजी तिकीट.) ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे यातले दोन बडे प्रतिस्पर्धी. अमेरिकेतून आणलेली दुर्मीळ रेकॉर्ड ज्याच्याकडे, गर्दी त्याच्याकडे. म्हणून हे लोक लेबल चक्क खरवडून टाकत, म्हणजे दुसऱ्याला गाण्याचं नाव कळायला नको. विलिस जॅक्सनचं 'लेटर फॉर द गेटर' डॉडने 'कॉक्सन्स हॉप' या नावाने वाजवलं. शेवटी रीडला खरं नाव सापडलंच.

पुढे हेच लोक स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करायला लागले. डॉडचा स्टुडिओ वन १९६३ चा. नवं गाणं आधी मऊ अ‍ॅसिटेटच्या तबकडीवर कोरून नाचात वाजवायचं, लोक नाचले तर छापायचं. ही तबकडी थोडक्या वेळा वाजवली तरी झिजते. म्हणजे गाणं जितकं गाजलं, तितकी तबकडी खराब!

हे संगीत लंडनला आलं ते १९४८ नंतर इथे स्थायिक झालेल्या कॅरिबियन कामगारांमागोमाग. १९६८ च्या प्रसिद्ध ट्रोजन रेकॉर्ड्स कंपनीचा एक संस्थापक ली गोपथल, जमैकात जन्मलेला भारतीय वंशाचा हिशेबनीस. कंपनीचं नाव मात्र ड्यूक रीडच्या ट्रकवरून आलेलं.

आता प्रतवारी. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड अशी उतरती भाजणी असते. यातलं 'गुड' म्हणजे जाहिरातीतल्या 'स्टेशनपासून ५ मिनिटं'सारखं समजा. तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची. केसासारख्या रेघा चालतात, पण नखाला लागणारा ओरखडा ऐकू येणारच. ४५ फेऱ्यांची तबकडी एक फेरी १.३३ सेकंदांत पुरी करते, तेव्हा दर १.३३ सेकंदांनी 'टक्'. भोक मध्यभागी नसेल तर सूर लाटेसारखा वरखाली होतो. जमैकन छपाईत हे सर्रास दिसतं. हा दोष कारखान्यातला, झिजेचा नाही, म्हणून नुसती वरवर पाहून केलेली प्रतवारी त्याला पकडतच नाही. लेबल कोरं असेल तर शेवटच्या खोबणीपाशी कोरलेला क्रमांक वाचायचा. माझ्या खिशात त्यासाठी भिंग असतं, बायको हसते.

मला या मोजपट्टीची एक गोष्ट खटकते. ती न वाजलेल्या तबकडीला सर्वोत्तम ठरवते. दिवाणखान्यात जपलेल्या रेकॉर्डसाठी ते ठीक आहे, पण जी तबकडी नाचात वाजण्यासाठीच जन्मली, तिचं मिंट असणं म्हणजे बहुधा ते गाणं कोणी ऐकलंच नाही!

तरीही प्रतवारी फेकून देता येत नाही. किंग्स्टनमध्ये टेप महाग होती, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणावरच पुन्हा ध्वनिमुद्रण व्हायचं. ज्या टेपा उरल्या, त्यातल्या कित्येक दमट हवेत गेल्या. काही गाण्यांची आता फक्त तबकडीच उरलीय. नवी आवृत्ती काढणारे लोक संग्राहकांकडून त्यातल्या त्यात बरी प्रत मिळवतात आणि तिच्यावरूनच गाणं उतरवतात. तिथे 'व्हेरी गुड' आणि 'गुड' यांतला फरक म्हणजे शब्द कळणं आणि न कळणं. अशी एखादी सीडी हेडफोन लावून ऐका. गाणं सुरू व्हायच्या आधी सुईची खरखर येते, मग हलकेच टक्. १.३३ सेकंदांनी पुन्हा टक्.